गणित अडलं की रडू: शेजारी बसा, पण पेन्सिल तिच्या हातात राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: लेक पाचवीत, सेमी इंग्रजी. घटक चाचणीत गणितात २० पैकी ११ मिळाले, घरी येऊन तिनं पेपर फाडला. "मला गणित येतच नाही" म्हणते. तुम्ही रोज सात ते नऊ शेजारी बसता, पण जरा अडलं की रडू. तिचे बाबा म्हणतात ट्यूशन लावू. तुम्हाला वाटतं मूळ दुखणं गणिताचं नाही, पोरगी मनानं कच्ची राहतेय, तिला खंबीर कसं करायचं? आणि जाता जाता लिहिलंय की मे महिन्यात गावी आजीजवळ बसून ती तास तास गणितं सोडवत होती, आजी चौथी शिकलेली असूनही.

"असूनही" नाही हो, "म्हणूनच". आजीला ते गणित येत नाही, त्यामुळे तिला पेन्सिल हातातून काढून घेता येत नाही. ती एवढंच म्हणत असणार, "बरं, मग आता काय करायचं गं?" आणि तुमची लेक आजीला समजावून सांगत बसते. सांगता सांगता तिचं तिलाच सापडतं. घरी मात्र शेजारी आई, आईला सगळं येतं, घड्याळात साडेआठ, स्वयंपाक व्हायचाय. आई तरी किती दम धरणार?

मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. पाचवीची मुलं भागाकारात नेमकी कुठे रडतात ते मला झोपेतही सांगता येईल. भागाकारात मधे शून्य आलं की तिथे.

४८३२ भागिले ८ घ्या. अठ्ठेचाळीसला आठनं भाग गेला सहा वेळा. तीन खाली उतरवले. तीनला आठनं भाग जात नाही. इथे मूल थबकतं. भाग जात नाही म्हणजे काहीच लिहायचं नाही असं त्याला वाटतं, ते दोनही खाली उतरवतं, बत्तीस, आठ चोक बत्तीस, आणि उत्तर येतं ६४. बरोबर उत्तर ६०४. बाईंनी फुली मारली की मुलाला धक्काच बसतो, कारण त्यानं एकही पाढा चुकवलेला नसतो. सगळं बरोबर करून चूक आली म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असा निष्कर्ष ते काढतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो चुकीचा म्हणता येत नाही.

इथे आपण काय करतो? "अगं शून्य राहिलं ना! कितीदा सांगितलं!" आणि शून्य आपणच लिहितो. गणित सुटलं, पोरीच्या हाती काय आलं? अडलं की आई येते, आणि येताना चिडलेली येते.

मी काय करायचे ते सांगते. शून्याचं नावही काढायचं नाही. विचारायचं, "आठ जणांत चार हजार आठशे रुपये वाटले तर एकेकाला किती?" ती सहाशे म्हणेल, कारण ते तिला येतं. मग गप्प बसायचं. खरंच गप्प. ती वहीतल्या ६४ कडे बघेल, तुमच्याकडे बघेल, परत वहीकडे. त्या बघण्याला अर्धं मिनिट लागतं आणि आईबापांना ते अर्धा तास वाटतं. "अगं बाई, चौसष्ट कसे येतील!" हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. शून्य कुठे गळलं ते शोधायला मग ती स्वतःच मागे जाते. नाहीच गेली तर ताळा करायला सांगा: ६४ गुणिले ८ किती? ५१२. मग ४८३२ मधले बाकीचे पळाले कुठे? आमच्या लहानपणी ताळा केल्याशिवाय वही बाईंकडे न्यायची सोय नव्हती. आता कुणी करतच नाही, उत्तरं मार्गदर्शकाच्या मागच्या पानावर असतात. माझ्या मते ताळा हे मुलाच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ आहे. आपलं चुकलं की बरोबर, हे सांगायला दुसरं कुणी लागत नाही.

तुम्ही खंबीर म्हणता, मी चिवट म्हणेन. चिवटपणा भाषणं देऊन येत नाही, "हिंमत हारू नकोस" म्हणूनही येत नाही. अडल्यावर आता काय करायचं याच्या दोन-तीन युक्त्या हाताशी असल्या की मूल आपोआप चिवट वागायला लागतं. युक्ती नसेल तर रडणं हीच एक युक्ती उरते, आणि ती लागू पडते, कारण रडलं की आई शून्य लिहून देते. राग मानू नका, माझ्या मुलाच्या बाबतीत मीही हेच केलंय.

याच चर्चेत एका सदस्यांनी सुचवलंय की तिला रोज "तू हुशार आहेस" म्हणा, आत्मविश्वास येईल. इथे मी जरा अडवते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काहींना सांगितलं, तुम्ही हुशार आहात. काहींना सांगितलं, तुम्ही मेहनत घेतलेली दिसते. एवढाच फरक. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच फजिती झाली. त्यानंतर परत सोपी दिली, तर "हुशार" मुलांचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले आणि मेहनतवाल्यांचे वर गेले. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवा म्हटल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी पाचात जवळजवळ दोघांनी ते वाढवून लिहिले. आता तुमच्या लेकीनं पेपर का फाडला असेल ते बघा. घरात तिला आजवर काय म्हटलं जायचं, तुम्हालाच माहीत.

पण याचंही फार स्तोम माजलं. शाळाशाळांत "मला अजून येत नाही" असे फलक लागले. अमेरिकेत सुमारे १२ हजार नववीच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, मेहनतीनं बुद्धी वाढते असं सांगणारा तासाभराहून कमी वेळाचा एक ऑनलाइन पाठ देऊन; तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मागे पडलेल्या मुलांना फायदा झाला, पण थोडासाच, आणि तोही मुख्यतः अवघड काम घेणाऱ्याला सोबतची मुलं हसत नाहीत अशा शाळांमध्ये. फलकानं काम होत नाही हे आम्हा बायांना आधीच ठाऊक होतं. "छान मेहनत केलीस" हेही पोकळ वाजायला लागतं, मुलांना लगेच कळतं. त्यापेक्षा जे दिसलं ते बोला: "चौसष्ट पटेना म्हणून तू मागे जाऊन पाहिलंस." बास.

रोजचं वेळापत्रकही बदला. सात ते नऊ म्हणजे दोन तास! दहा वर्षांच्या मुलाला, दिवसभर शाळा करून आल्यावर! पंचवीस मिनिटं पुरे. त्यात पहिली पाच मिनिटं वही बंद: काल काय केलं ते न बघता कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. थोडंच आठवेल, आठवू दे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे जातात, ५६ टक्के विरुद्ध ४२. ते कॉलेजातले विद्यार्थी होते, पण पाढ्यांच्या बाबतीत हे मी पाचवीत कितीदा पाहिलंय. "सगळं वाचून काढलं आई" यावर फार विसंबू नका.

मग तीन-चार गणितं. त्यातलं एक तिला नक्की येणारं आणि एक थोडं अडवणारं. अडलं की तिनं करायच्या गोष्टी आधीच ठरवून घ्या, भांडणाच्या वेळी नव्हे, रविवारी सकाळी: गणित मोठ्यानं वाचायचं, आकडे लहान करून बघायचं, ताळा करायचा, आणि तरी नाहीच जमलं तर त्यावर पेन्सिलनं गोल करून पुढे जायचं. गोल केलेलं गणित शाळेत बाईंना विचारायचं, तिनं स्वतः. घरातल्या कुणीही ते सोडवून द्यायचं नाही. वही अर्धवट गेली तर जाऊ दे, एक ओळ चिठ्ठी लिहा बाईंना.

खोडरबर मात्र काढून घ्या. हे ऐकून पालक हसायचे मला. माझ्या वर्गात एक मुलगी होती, भागाकार चुकला की खोडायची, परत खोडायची, कागदाला भोक पडेपर्यंत. आपण कुठे चुकलो हे तिला कधी दिसलंच नाही, पुरावाच नाहीसा! मी नियम केला, चुकीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली परत करायचं. पहिल्या आठवड्यात वह्या घाण दिसतात म्हणून दोन आया भांडायला आल्या. दिवाळीनंतर तीच मुलगी रेघ मारलेली ओळ दाखवून म्हणाली, "बाई, मी नेहमी इथंच घसरते."

याच चर्चेत एका तरुण शिक्षकांनी विचारलंय, वर्गात ४५ मुलं असताना हे सगळं कसं जमायचं. सर, सगळं नाही जमत. मला जमलं तेवढं सांगते. त्याआधी कबुली. नोकरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत मी पेपर वाटताना गुण मोठ्यानं वाचायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मुलांना ईर्षा वाटेल असं वाटायचं. एक मुलगा पेपर मिळायच्या दिवशी हमखास गैरहजर. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, त्याचं पोट दुखतं बाई त्या दिवशी. मला उमगायला तीन चाचण्या लागल्या. त्यानंतर आजतागायत मी कुणाचे गुण वाचलेले नाहीत.

त्याऐवजी "आजची चूक" सुरू केली. वह्या तपासताना जी चूक जास्त मुलांनी केली ती नाव न घेता फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, हे करणाऱ्यानं काय विचार केला असेल? कुठे चुकलं हे विचारायचं नाही, विचार काय केला असेल हे. ज्यांची ती चूक होती तीच मुलं पुढे हात वर करायला लागली. दुसरं, फुलीऐवजी समासात फक्त एक ठिपका: या ओळीत काहीतरी आहे, शोध. तपासायला वेळही कमी लागतो. तिसरं, प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं होतं, शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी बोलतात. तीन सेकंद मोजून बघा, जीव नकोसा होतो!

परत तुमच्याकडे. पाचवीला आता नापास करतात ही धास्ती प्रश्नात डोकावते. राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली हे खरं, पण त्यात कमी पडलं तर पुनर्परीक्षा आहे. घटक चाचणीतले ११ त्या वाटेवर नाहीत. तो बागुलबुवा तिच्यासमोर नको.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणं, उलट्या, झोप उडणं, मैत्रिणींशी खेळणं बंद, किंवा "मी नसतेच तर बरं" अशी भाषा, यातलं काही असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि पाचवीतही घड्याळ वाचता येत नसेल, सुट्टे पैसे मोजता येत नसतील, १७ आणि ७१ मध्ये सतत गोंधळ होत असेल, तर तपासणी करून घ्या. ते मेहनतीनं सुटणारं दुखणं नसेलही. अध्ययन अक्षमता असेल तर कायद्यानं सवलती आहेत, पण आधी निदान हवं.

आजीला फोन लावून द्या, रविवारचा, अर्धा तास, आणि तुम्ही खोलीबाहेर जा. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. त्यातल्या फार खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली निभावून गेली. त्या मुलांच्या मागे बहुतेकदा एखादं जिव्हाळ्याचं मोठं माणूस होतं, आईबाप नसले तर आजी, मावशी, नाहीतर शाळेतल्या बाई. तुमच्या घरची परिस्थिती काही खडतर नाही, आणि आजी तर आयतीच आहे.

ट्यूशनचं म्हणाल तर सहामाहीपर्यंत थांबा. तोवर फरक नाहीच दिसला आणि लावायचीच झाली तर आधी तिथे जाऊन दहा मिनिटं मागे बसा. मूल अडल्यावर ते सर काय करतात तेवढंच बघा. स्वतः खडू घेऊन भराभर सोडवून दाखवत असतील तर फी भरू नका, ते काम तुम्ही घरी फुकटात करतच होतात.