धुळीच्या वाऱ्यातून रोग येतो का? तबेलेवाले आणि भाजी उत्पादकांना उत्तर

मुंबईत वळवाच्या तोंडावर धुळीचा वारा सुटला की दोन प्रश्न हमखास येतात. आरेतले तबेलेवाले विचारतात, या धुळीतून लाळ्या-खुरकूत येते का आणि तबेल्याला ताडपत्री बांधावी का? गोराई-मनोरीकडचे भाजीवाले विचारतात, वादळानंतर दोन-तीन आठवड्यांत भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या, हा विषाणू वाऱ्याने आला का आणि त्यावर काय फवारावे?

आधी तबेल्याचे. लाळ्या-खुरकूतीचा विषाणू हवेतून जातो, हे खरे आहे. मार्च 1981 मध्ये तो फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून समुद्र ओलांडून सुमारे 250 किलोमीटरवरच्या आइल ऑफ वाइट बेटावरील गुरांपर्यंत पोहोचला होता. पण तिथे उगम डुकरांचा होता. आजारी डुक्कर श्वासातून गाई-म्हशींपेक्षा कितीतरी पट जास्त विषाणू सोडते. शिवाय वारा संथ आणि हवा दमट होती. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली गेली की हा विषाणू लवकर निकामी होतो. धुळीचे वादळ कोरडे आणि घुसळणारे असते, त्यात विषाणू विरळ होतो. म्हणून 13 मे 2024 सारख्या वादळापेक्षा मुंबईची वारा पडलेली, दमट रात्र दाटीने बांधलेल्या म्हशींना जास्त धोक्याची. ताडपत्रीने तबेला चहूबाजूंनी बंद करू नका. आतली ओल आणि मुताचा उग्र वास कोंडतो, म्हशीला घाम कमी येत असल्याने ती तापते आणि आजारी जनावराचा श्वास शेजारच्या खुंट्यावर तसाच रेंगाळतो. वादळाच्या तासाभरापुरती फक्त वाऱ्याकडची बाजू झाका, नंतर लगेच उघडा. गव्हाणीतला धुळकट चारा झटकून द्या आणि पाण्याचा हौद धुवून घ्या.

मुंबईच्या तबेल्यात हा रोग बहुतेक वेळा माणूस आणि व्यापार घेऊन येतो. भाकड म्हैस बाहेर जाते, ताजी व्यालेली आत येते आणि त्याच टेम्पोतून रोग येतो. नवी म्हैस 21 दिवस वेगळी बांधा. तिचे दूध सगळ्यात शेवटी काढा, काढणाराही शक्यतो वेगळा ठेवा. दारात पाय बुडवण्यासाठी धुण्याच्या सोड्याचे 4 टक्के द्रावण ठेवा: 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम. खाण्याचा सोडा चालणार नाही. चिखल-शेण लागलेले बूट तसेच बुडवले तर उपयोग होत नाही. आधी ब्रशने धुवा, मग बुडवा आणि द्रावण गढूळ झाले की बदला. किटल्या आणि टेम्पोची चाकेही याच यादीत धरा.

लस वर्षातून दोनदा टोचायची. वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात, महिन्याने बूस्टर. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायची. बर्फात गोठली तर ती फुकट जाते, आणि हे बाटलीकडे बघून नेहमीच कळते असे नाही. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पावसाची वाट बघू नका. तोंडातून तारेसारखी लाळ गळणे, खुरांच्या बेचक्यात किंवा सडावर फोड दिसणे, चारा सोडणे यापैकी काहीही दिसले तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा किंवा 1962 वर फोन करा. आजारी म्हशीचे दूध वासराला पाजू नका. वासरात हा रोग हृदयावर जातो आणि ते अचानक दगावते.

आता भेंडी. शिरा पिवळ्या पडणे म्हणजे केवडा. त्याचा विषाणू सुटा वाऱ्यावर येत नाही, पांढऱ्या माशीच्या तोंडातून येतो. वाऱ्याबरोबर येते ती माशी. म्हणून वादळानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी पाने उलटून बघा. शेंड्याकडच्या कोवळ्या पानाखाली पांढरे ठिपके उडाले, तर कामाला लागा. एकरी 10 ते 12 पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावा. धुळीने चिकटपणा गेलेले सापळे बदला, ते टांगून काही उपयोग नाही. केवडा पडलेले झाड बरे होत नाही. ते उपटून पिशवीत भरून बाहेर न्या. शेतातून ओढत नेले तर माश्या शेजारच्या झाडावर बसतात.

फवारणीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क घ्या: 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 200 ग्रॅम साबण 1 लिटर पाण्यात विरघळवून मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पानावर धूळ असताना मात्र काहीही फवारू नका, औषध धुळीतच मुरते. आधी सकाळी साध्या पाण्याने पाने धुवा. धुळकट पानांवर लाल कोळीही वाढतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक धुळीत नीट काम करू शकत नाहीत. पुढच्या लागवडीत केवड्याला प्रतिकारक असलेली भेंडीची जात घ्या आणि वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या दोन-तीन ओळी 15-20 दिवस आधी पेरा.

पाड्यांवर गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी धूळ खरोखर महत्त्वाची आहे, पण ती खुराड्यातली. वाळलेली विष्ठा झाडताना उडते आणि तिच्याबरोबर मानमोडी (राणीखेत), बर्ड फ्लूचे विषाणूही उडू शकतात. आधी पाणी शिंपडा, नाक-तोंड मास्कने झाका, मगच झाडा. एकदम दोन-चार पक्षी मेले तर हात न लावता कळवा.