पहिली ब्रा आणि न विचारलेला प्रश्न

एप्रिलमधील एका दुपारी, नाशिकमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना, वंदनाताई समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या उकाड्यात माझी मुलगी अंगावरचं जॅकेट काढत नाही." मुलगी अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी आणि दोन वर्षे नियमाने खो-खो खेळणारी होती. गेल्या तीन महिन्यांत तिने मैदानावर जाणे बंद केले होते, ती खांदे पुढे घेऊन पोक काढून चालू लागली होती आणि कारण विचारले की खोलीचे दार लावून घेत होती. (नावे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; मुलीला येथे मैथिली म्हणू.)

वंदनाताईंना काहीच अंदाज नव्हता असे नाही. मुलीच्या छातीची वाढ सुरू झाल्याचे त्यांच्या लक्षात आले होते आणि त्यांनी तीन ब्रांचे एक पाकीट आणूनही दिले होते. मैथिलीने त्यातील एक दोन दिवस वापरली. पुढे तिन्ही कपाटाच्या तळाशी, जुन्या स्वेटरांखाली सापडल्या. त्यावरून घरात दोन तट पडले होते. सासूबाईंचे म्हणणे असे की, इतक्या लवकर ब्रा घातली तर वाढही लवकर होते, त्यापेक्षा शमीज बरी. शेजारच्या काकूंचे म्हणणे नेमके उलटे : आत्ता सवय लावली नाही, तर पुढे बांधा बिघडतो. "तुम्ही एवढंच सांगा," वंदनाताई म्हणाल्या, "घालायला लावू की नको?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो याच क्रियापदासह येतो. 'घालायला लावणे' यात आई असते, आजी असते, शेजारीण असते. जिच्या अंगावर ती वस्तू दिवसभर राहणार असते, ती मुलगी मात्र त्यात कुठे दिसत नाही.

आधी मी दोन्ही मतांचा निकाल लावला, कारण ते मध्ये असेपर्यंत पुढचे बोलणे शक्य नव्हते. स्तनांची वाढ अंडाशयातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे होते. वरून घातलेल्या कापडाने ती वेगाने होत नाही आणि थांबतही नाही. स्तनांत स्नायू नसतात, त्यांना आधार असतो तो त्वचेचा आणि आतील तंतुमय ऊतींचा, आणि या वयात वजनच इतके कमी असते की ब्रा न घातल्याने बांधा बिघडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ही वाढ साधारणपणे आठ ते तेरा या वर्षांच्या दरम्यान केव्हाही सुरू होते. आठ वर्षांच्या आधीच सुरू झाली, किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच चिन्ह दिसले नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मैथिली या मर्यादेत अगदी मध्यावर होती. मग ब्रा केव्हा घ्यायची? मुलीला पळताना किंवा जिना उतरताना दुखत असेल, कपडा घासून त्रास होत असेल, शाळेच्या पातळ शर्टात तिला संकोच वाटत असेल, किंवा तिने स्वतः मागितली असेल, तेव्हा. यांपैकी काहीच नसेल आणि ती सुती स्लिपमध्ये खुशीत असेल, तर आपण घाई करण्याचे काही कारण नाही.

मग मी वंदनाताईंना विचारले की, मैथिलीचे शाळेचे बूट त्या कसे घेतात. त्यांना प्रश्न विचित्र वाटला, तरी त्यांनी सांगितले : तिला दुकानात नेतो, दोन्ही पायांत घालायला लावतो, अंगठा दाबून पुढे जागा किती आहे ते बघतो, चार पावले चालायला सांगतो आणि कुठे टोचतंय का, ते विचारतो. "आणि ब्रा कशी घेतलीत?" यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ऑफिसातून येताना एकट्याच दुकानात गेल्या होत्या, काउंटरवरच्या माणसाने "केवढी आहे मुलगी?" असे विचारून स्वतःच बत्तीसचे पाकीट काढून दिले होते आणि त्यांनी ते घाईघाईने पर्समध्ये टाकले होते. घरी आल्यावर ते मुलीच्या पलंगावर ठेवून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना त्यांची पहिली ब्रा आईने वर्तमानपत्रात गुंडाळून, एक शब्दही न बोलता दिली होती. "कागद तेवढा गेला," त्या म्हणाल्या, "बाकी मीही तेच केलं."

दोन दिवसांनी मैथिली आली, तीही जॅकेट घालूनच. या वयाच्या मुलींशी बोलताना मी शरीराच्या विषयापासून कधीच सुरुवात करत नाही. आम्ही खो-खोवर बोललो. खांब मारणे अवघड की सूर मारून गडी बाद करणे, यावर तिचे ठाम मत होते आणि ते तिने हातवारे करून मांडले. तेवढा वेळ तिचे खांदे सरळ होते. मैदान का सोडले, हे विचारल्यावर ते पुन्हा पुढे आले आणि ती म्हणाली, "सूर मारताना दुखतं." थोड्या वेळाने बाकीचेही बाहेर आले. आईने आणलेल्या ब्राला आत जाड पॅड होते, ते तिच्या अंगावर पोकळ उभे राहत आणि ती नसलेल्या आकाराची दिसू लागे. मागची पट्टी सैल असल्याने पाठीवर वर चढे. शिवणीतील लेबल टोचे. पांढऱ्या शर्टातून पांढरी पट्टी उठून दिसे आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ती ओढून सोडत असे.

एवढ्यावर माझे समाधान व्हायला हरकत नव्हती, पण दुखण्याचा उल्लेख करताना तिचा हात दोन वेळा डाव्या बाजूला जाऊन मागे आला होता. मी तिला म्हटले, "तुला मला काही विचारायचं असेल, तर ते कसंही विचारलं तरी चालेल." त्यावर तिने खाली बघत विचारले, "एकाच बाजूला गाठ असली तर ऑपरेशन करावंच लागतं का?"

तिच्या मावशीचे दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झाले होते. घरात त्या काळात 'गाठ' हा शब्द दार लोटून, हलक्या आवाजात बोलला गेला होता आणि नऊ वर्षांच्या मुलीने तो बरोबर टिपला होता. जानेवारीत तिला स्वतःच्या डाव्या स्तनाग्राखाली नाण्याएवढी, दाबल्यावर दुखणारी गाठ लागली. उजव्या बाजूला काहीच नव्हते. तीन महिने ही मुलगी आपल्याला मावशीसारखेच झाले आहे असे समजून जगत होती, आणि आईला आणखी एक धक्का नको म्हणून गप्प होती. जॅकेट लाजेपोटी होते असे घरातील सर्वांनी गृहीत धरले होते. ते बऱ्याच अंशी भीतीचे होते.

माझ्या अनुभवात ही गोष्ट इतकी वेळा येते की, मुलीला ब्रा घेऊन देण्याच्याही आधी प्रत्येक आईने ती सांगून ठेवावी असे मला वाटते. स्तनांच्या वाढीची सुरुवात अशीच होते : स्तनाग्राखाली एक लहान, टणकसर, दुखरी गाठ तयार होते. ती बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिने मागे राहू शकते. या वयात स्तनाचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ असतो. तरीही मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. म्हणून मैथिलीच्या परवानगीने आईला आत बोलावले, आणि त्याच आठवड्यात त्या दोघी स्त्री बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आल्या. त्यांनी तपासून सांगितले की, ही वाढीची स्वाभाविक सुरुवात आहे. लाली, सूज, ताप किंवा स्तनाग्रातून स्राव असे काही झाले तरच परत या. सर्वसाधारणपणे या सुरुवातीनंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, हेही त्यांनी मुलीला समोर बसवून सांगितले, त्यामुळे तो विषय आपसूकच उघडा झाला.

त्यानंतर ब्राचा प्रश्न राहिला तो खरेदीचा, आणि तो बराच सोपा होता. माप मैथिलीने स्वतः, पातळ टी-शर्टवरून घ्यावे आणि आईने फक्त टेप पाठीमागे सरळ आहे ना एवढे पाहावे, असे ठरले. छातीच्या खालचा घेर, श्वास सोडून आणि टेप आवळून न धरता, सव्वीस इंच भरला. त्यावर बत्तीसची पट्टी वर चढली नसती तरच नवल. आकड्यांचे कोष्टक प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असते, म्हणून दुकानदाराच्या अंदाजापेक्षा खोक्यावर छापलेले इंच आणि सेंटिमीटर पाहावेत. पण या पहिल्या टप्प्यावर कप आणि हूक यांची गरजच नसते. डोक्यावरून घालायची, आखूड बनियनसारखी, समोर दुहेरी कापड असलेली बिगिनर ब्रा पुरते, आणि ती बहुधा स्मॉल, मीडियम अशा मापांत किंवा वयानुसार मिळते. तार असलेली आणि जाड पॅडची ब्रा या वयात घेऊच नये. पॅड मुलीने स्वतः मागितले, तर ते का हवे ते आधी शांतपणे ऐकून घ्यावे. बहुतेकींना शर्टातून काही दिसू नये एवढेच हवे असते आणि ते काम दुहेरी कापडाने होते.

कापड सुती होजिअरीचे आणि ताणासाठी थोडे इलॅस्टेन मिसळलेले असावे. लेस, खरबरीत नायलॉन आणि जाड शिवणी आपल्याकडच्या घामाच्या हवेत त्वचेला सोसत नाहीत. मी मैथिलीला ब्रा आतून उलटी करून शिवणींवरून बोट फिरवायला सांगितले होते, कारण टोचणारी जागा नेहमी आतल्या बाजूला असते. रंगाच्या बाबतीत बहुतेक आया चुकतात : पांढऱ्या गणवेशाखाली पांढरी ब्रा उठून दिसते, त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारी दिसत नाही.

आतले कपडे पुष्कळ दुकानांत घालून पाहू देत नाहीत आणि परतही घेत नाहीत, म्हणून पहिल्या खेपेस एकच घ्यावी. ती घरी घालून दोन्ही हात वर करावेत, वाकावे, उड्या माराव्यात, मांडी घालून दहा मिनिटे बसावे. पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, हात वर केल्यावर ती वर चढता कामा नये, आणि खोल श्वास घेताना अडखळता कामा नये. संध्याकाळी काढल्यावर फिकट खूण दिसली आणि थोड्या वेळात गेली तर चिंता नाही. खोल वळ किंवा पुरळ उठले असेल तर माप लहान असू शकते. मैथिलीच्या परीक्षेत सूर मारण्याचा प्रकारही होता, तो तिने घरातील गादीवर करून पाहिला. खेळासाठी तिला थोडी घट्ट बसणारी, रुंद पट्ट्यांची वेगळी स्पोर्ट्स ब्रा हवी असे तीच म्हणाली आणि तिचे बरोबर होते. फक्त ती दिवसभर घालून ठेवायची नाही आणि झोपताना तर कोणतीच घालण्याची गरज नाही, एवढे मी त्यात घातले.

मला वंदनाताईंच्या घरी सर्वांत अवघड गेले ते वाळत घालण्याचे प्रकरण. सासूबाईंच्या शिस्तीत आतले कपडे टॉवेलखाली झाकून, सावलीत वाळत. दमट राहिलेले कापड अंगावर घातले की बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि पावसाळ्यात तर झाकलेले कपडे दोन दिवस ओलसर राहतात. आजींना मी फोनवर एवढेच म्हटले की, बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळाचे कपडे तुम्ही कडक उन्हात वाळवता ते कशासाठी? त्यांनी लगेच होकार दिला नाही. मात्र आठवड्याभराने गच्चीवर एक वेगळी दोरी बांधली गेली, ज्या बाजूला समोरच्या इमारतीच्या खिडक्या नाहीत त्या बाजूला, आणि ती आजींनीच बांधून घेतली.

वर्गात पट्टी ओढण्याच्या प्रकाराला घरात 'मस्करी' म्हटले जात होते. मुलीच्या अंगावरचा कपडा तिच्या इच्छेविरुद्ध ओढणे ही मस्करी नव्हे, आणि ते थांबवणे हे मुलीचे काम नसून वर्गातील मोठ्यांचे आहे. वंदनाताईंनी वर्गशिक्षिकांची भेट घेतली. मुलीचे नाव न घेता त्यांनी संपूर्ण वर्गाशी बोलावे आणि बसण्याची जागा बदलावी, असे ठरले. त्यानंतर तो त्रास थांबला.

एक विषयांतर करते. याच सुमारास एका वडिलांनी फोन केला होता, पत्नी हयात नाही, मुलगी बारा वर्षांची, आणि "हे तिच्या आत्याला सांगू का?" असे ते विचारत होते. आत्या मुलीला जवळची असेल तर जरूर सांगावे, पण मुलीला विचारून. ती आपल्यालाच आधी बोलली असेल, तर टेप विकत आणून तिच्या हातात देणे, कोष्टक शोधून देणे आणि पैसे देणे हे वडिलांनाही उत्तम जमते. त्यांना ते जमले.

ऑक्टोबरमध्ये मायलेकी पुन्हा आल्या, या वेळी जॅकेटशिवाय. उजव्या बाजूची वाढही सुरू झाली होती आणि मैथिलीने ते दात दुखल्याइतक्या सहजपणे सांगितले. वाढीच्या या वर्षांत दर चार-सहा महिन्यांनी माप बदलू शकते, म्हणून तिने ते पुन्हा घेऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, उंचीच्या खुणांशेजारी, पेन्सिलने लिहून ठेवले होते. टेप हातात होतीच, म्हणून तिने आईलाही उभे करून माप घेतले. वंदनाताई पंधरा वर्षे चुकीच्या आकड्याची ब्रा वापरत असल्याचे त्यात निघाले, आणि हे सांगताना त्या दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसत होत्या की, आकडा कोणता, ते विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.