समरकंदला शाकाहारी माणसाचं कसं व्हायचं? वाचकांचे प्रवासाचे प्रश्न

दुबई-थायलंड-युरोप झालं, आता जरा वेगळं कुठे जावं, असं मागच्या अंकात मी तुम्हाला विचारलं होतं आणि त्यावर एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही. म्हणून जिथे मी स्वतः राहून आलेय तेवढ्याच देशांचे घेतलेत, आणि मधे एक छोटा प्रश्न आहे तो बऱ्याच जणांनी विचारला म्हणून.

प्रश्न: नमस्कार ताई. मी ६२ वर्षांचा, मंडळी ५८. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सिंगापूर, दुबई आणि एक युरोपची ग्रुप टूर झाली, पण युरोपात बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा, यातच जीव गेला. मुलगा म्हणतो उझबेकिस्तानला जा. तिकडे म्हणे सगळं मटणच, भाषा येत नाही, आणि बघायचं नेमकं काय हे इथे कुणालाच सांगता येईना. जावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: काका, जा. मी माझ्या आईला घेऊन एप्रिलमध्ये अकरा दिवस राहून आले, आई ६६ वर्षांची आणि तुमच्यासारखीच पक्की शाकाहारी, त्यामुळे तुमच्या मनात जे जे येतंय ते सगळं आमच्याही मनात येऊन गेलंय.

आधी जेवणाचं बोलू, कारण खरी काळजी तीच आहे. तिकडे मटण भरपूर हे खरं. पुलाव, ज्याला ते पलोव किंवा ओश म्हणतात, तो मांसाबरोबर आणि बऱ्याचदा मेंढीच्या चरबीत शिजतो, त्यामुळे वरचे तुकडे काढून दिले तरी तो तुमच्या उपयोगाचा नाही. भोपळ्याचा सोमसा (आपल्या समोशाचाच भाऊ, पण तंदूरमध्ये भाजलेला) दिसला तरी आत चरबी नाही ना हे विचारल्याशिवाय खाऊ नका. एक शब्द पाठ करून जा, 'गोश्तसिझ', म्हणजे बिनमांसाचं. मग खायचं काय, तर रोटी, टोमॅटो-कांद्याची आचिचुक नावाची कोशिंबीर, दही, आणि सुझमा. सुझमा म्हणजे आपला चक्का हो, कापडात टांगून पाणी काढलेलं दही! आईने पहिल्या दिवशी तो चाखला आणि त्यानंतर रोज सकाळी तिला तोच हवा होता, वर मध घालून. जर्दाळू, अक्रोड, मनुका तर पोत्यांनी. समरकंदला आपली बरीच मुलं मेडिकलला आहेत, त्यामुळे भारतीय जेवणही मिळतं, वरणभाताची अगदीच आठवण झाली तर सोय आहे.

आणि रोटी, म्हणजे तिथली 'नोन', तिच्यासाठी तरी जाच. समरकंदच्या सियोब बाजारात सकाळी आठला गेलो होतो. रांगेने बायका बसलेल्या, पुढ्यात गोल जाड चकचकीत रोट्या, कडेला फुगीर आणि मधे दाबलेल्या, त्या मधल्या भागावर खिळ्यांच्या ठशाने फुलाची नक्षी टोचलेली, वर तीळ नाहीतर कलौंजी. एका आजींनी आईला जवळ बोलावलं, एक रोटी हाताने मोडली (सुरी लावत नाहीत तिला, आणि उलटीही ठेवत नाहीत, अन्नाचा अपमान होतो म्हणून) आणि अर्धी आईच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. आईने पर्समधली राजगिऱ्याची वडी काढून त्यांना दिली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तरी दहा मिनिटं बोलत होत्या, मला मधे पडायची गरजच पडली नाही.

भाषेचं म्हणाल तर तुम्हाला वाटतं तितकं परकं काही नाही तिथे. फारसीतून मराठीत आलेले कितीतरी शब्द तिकडेही आहेत. बाजाराला बोझोर, हिशोबाला हिसोब, मैदानाला मायदोन, दरवाजाला दरवोझा. बुखाऱ्याला जुन्या गावाच्या मधोमध तळं आहे, सतराव्या शतकातलं, त्याचं नाव ल्याबी होवुझ, म्हणजे हौदाच्या काठी. पुण्याच्या पेठांमधल्या हौदांवर वाढलेल्या माझ्या आईला ते नाव समजावून सांगावं लागलं नाही. एक सांभाळा, तिकडे 'सबझी' म्हणजे गाजर, भाजी मागाल तर गाजर येईल.

बघायचं काय? समरकंदचं रेगिस्तान, तीन मदरसे एका चौकाच्या तीन बाजूंना. पहिला उलुगबेगचा १४२० चा, बाकीचे दोन त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलेले. फोटो काढून निघून येऊ नका, संध्याकाळी पाचला समोरच्या पायऱ्यांवर बसा आणि अंधार होईपर्यंत उठू नका, निळ्या फरशीचा रंग चारदा तरी बदलतो. मग उलुगबेगची वेधशाळा. हा तैमूरचा नातू, राजा होता पण जीव आकाशात अडकलेला, त्याने १०१८ ताऱ्यांची यादी केली. सुमारे ४० मीटर त्रिज्येचं दगडी यंत्र बांधलं होतं, त्याचा जमिनीखालचा भाग फक्त उरलाय, तोही १९०८ ला उकरून काढला तेव्हा सापडला. १४४९ ला त्याच्या मुलानेच त्याला मारवलं. पुढे सवाई जयसिंगाने जंतरमंतरं बांधली तेव्हा उलुगबेगच्याच कोष्टकांचा अभ्यास केला होता. त्या खोल खंदकाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर मला जयपूर डोळ्यांसमोर आलं.

दुसरी बाजूही सांगते. तैमूरने १३९८ मध्ये दिल्ली लुटली, कत्तल केली, परत गेला आणि पुढच्याच वर्षी बीबी खानुम मशिदीचं काम काढलं, दगड ओढायला भारतातून नेलेले हत्ती होते अशी नोंद तिकडच्या बखरीत आहे. ती मशीद सियोब बाजाराला लागूनच आहे. सुंदर आहेच, पण मला तिथे जड वाटलं आणि तसं वाटणं मला योग्यही वाटतं. ताश्कंदमध्येही तसंच होतं, १० जानेवारी १९६६ ला भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारखेला, लाल बहादूर शास्त्री गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा आहे तिथे, आम्ही फुलं घेऊन गेलो होतो. ताश्कंदची मेट्रो १९७७ ची, स्टेशनं एकेक बघण्यासारखी, २०१८ पर्यंत आत फोटोसुद्धा काढू देत नव्हते.

आता तुमच्यासाठी बेत. ताश्कंद दोन रात्री, समरकंद चार, बुखारा तीन, परत ताश्कंद. खिवा हे जुनं शहरही अप्रतिम आहे पण वाळवंटातून अंतर मोठं, गुडघे दुखत असतील तर या खेपेला सोडा. दिल्लीहून ताश्कंद विमानाने साधारण तीन तास. तिथून समरकंदला अफ्रोसियोब नावाची वेगवान ट्रेन सव्वादोन तासांत नेते, तिची तिकिटं फार लवकर संपतात, मी उशीर केला आणि आम्हाला साध्या गाडीने जावं लागलं, आईचे हाल झाले. त्यामुळे बुकिंग उघडल्या उघडल्या काढा, आणि ताश्कंदला दोन मोठी स्टेशनं आहेत तेव्हा तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघा. एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर, जुलैत ४० च्या वर तापतं. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण सरकारी साइटवरूनच काढा. हॉटेल तुमची नोंदणी करून चिठ्ठी देतं ती निघेपर्यंत जपा. आणि औषधं, हे फार महत्त्वाचं, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं तिकडे कडक नियमात येतात, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असल्याशिवाय दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं नेऊ नका.

प्रश्न: मी २७ वर्षांचा, आयटीत आहे. दहा दिवसांत पाच देश होतील असा बाल्कनचा प्लॅन केलाय, तीस वर्षांचा होईपर्यंत तीस देश करायचेत. कसा वाटतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दहा दिवसांत पाच देश म्हणजे पाचवेळा बॅग भरणं, चार वेळा सीमेवर रांग, आणि प्रत्येक गावात एक संध्याकाळ. होईल, शरीर साथ देईल तुमचं. पण मला विचारताय म्हणून मनापासून सांगते, पाचातले तीन खोडा. बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो ठेवा. बोस्नियाची राजधानी सारायेवो, तिथे चार दिवस राहा, हे शहर १९९२ ते १९९६ असं जवळजवळ चार वर्षं वेढ्यात होतं, आणि वेढ्यात लोक कसे जगले हे तिथे ज्यांच्या घरी राहाल तेच सांगतील, पण पहिल्या दिवशी नाही सांगणार, तिसऱ्या दिवशी कॉफी पिताना सांगतील.

प्रश्न: ताई, आम्ही दोघी मैत्रिणी, चाळिशीच्या, शिक्षिका. नवरे-मुलं घरी ठेवून पहिल्यांदाच दोघीच परदेशात जायचा विचार आहे. बँकॉकला एकदा जाऊन आलोय. लाओस कसं आहे? दोघींना सुरक्षित वाटेल का? आठ दिवस मिळतील. (दोन वाचक, नाशिक)

उत्तर: किती छान! लाओस तुमच्यासाठीच आहे असं म्हणेन. शांत देश, लोक आवाज चढवत नाहीत, आणि लुआंग प्राबांग हे गाव एवढं लहान की तीन दिवसांत चहावाली ओळखायला लागते. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर वसलेलं, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत. पहाटे भिक्खू रांगेने भिक्षेला निघतात, अनवाणी, भगवी वस्त्रं, आणि गावातल्या बाया गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा एकेक घास घालतात. हे बघायला उठाच, पण रस्त्याच्या पलीकडे थांबा, फ्लॅश मारू नका आणि भिक्खूंना स्पर्श होणार नाही इतकं लांब राहा. काही पर्यटक अगदी तोंडाजवळ मोबाइल नेतात ते बघून मला फार वाईट वाटलं, ते त्यांचं रोजचं धर्माचरण आहे, आपल्यासाठी मांडलेला कार्यक्रम नाही.

राजधानी व्हिएन्तियान ते लुआंग प्राबांग आता ट्रेनने दोन तासांच्या आसपास, चीनपर्यंत जाणारी लाइन २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली, त्याआधी हाच रस्ता घाटातून दिवसभर खायचा. व्हिएन्तियानला कोप सेंटर बघा. अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, आजही शेतात नांगराला लागतात, आणि हातपाय गेलेल्यांना कृत्रिम अवयव देण्याचं काम तिथे चालतं. तुम्ही शिक्षिका आहात, मुलांना सांगण्यासारखं आहे. म्हणूनच खेड्यापाड्यात मळलेली वाट सोडून जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर रात्री एकट्या चालताना मला कुठे भीती वाटली नाही. एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा, बारमध्ये किंवा हॉस्टेलमध्ये फुकट मिळणारी दारू. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वांग व्हिएंगला भेसळीच्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. शाकाहारी असाल तर भाज्यांतही पादेक, म्हणजे आंबवलेल्या माशाचा रस, पडतं, आधीच सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, मार्च-एप्रिलला शेतं जाळतात आणि धुराने नदीपलीकडचा डोंगर दिसत नाही. आणि दोन दिवस वाचले तर दक्षिणेला चंपासकला विमानाने जा, तिथे डोंगराच्या कुशीत वात फू म्हणून ख्मेर काळातलं शिवाचं देऊळ आहे. डोंगराच्या माथ्यावर लिंगासारखा सुळका, त्यामुळे जुनं नाव लिंगपर्वत, आणि मागच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यातल्या शिवलिंगावर पडेल अशी रचना केलेली. तो झरा अजून वाहतो. त्र्यंबकेश्वरच्या जवळ राहणाऱ्यांनी तो बघावा असं मला फार वाटतं.

प्रश्न: लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलांनी मॉरिशसचं पॅकेज दिलंय. सगळे बीच आणि बोटी. आम्ही कोकणातले, समुद्र रोज बघतो. तिथे दुसरं काही आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आहे, आणि रत्नागिरीकरांनी तर बघायलाच हवं. पोर्ट लुईसला आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले पहिले भारतीय मजूर उतरले, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास आले. बिहार आणि मद्रासकडचे जास्त, पण मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचेही होते. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. आपल्याच कुणाच्या पणज्याचं पाऊल इथे पडलं असेल, हे मनात आल्यावर मला त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबावं लागलं.

त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे मराठी म्हणवून घेतात, घरात क्रिओल (फ्रेंचवरून झालेली तिथली बोली) बोलतात, शाळेत मराठी शिकतात. पश्चिमेला कास्कावेल गावात मराठी लोकांची वस्ती आणि देऊळ आहे, टॅक्सीवाल्याला अर्धा दिवस सांगून तिकडे जा, कुणी भेटलं तर आडनाव सांगा आणि गाव सांगा, गप्पा आपोआप सुरू होतात. रस्त्यावर ढोल पुरी मिळते, पातळ पोळीत डाळीचं सारण, पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा, वर भाजी आणि चटणी, दोन-दोन घ्या.

पॅकेजच्या तारखा हलवता येत असतील तर गणपतीत जा. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि मूर्ती समुद्रात विसर्जनाला नेतात. तुमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर तो करून मागाहून निघालात तरी तिथलं नंतरचं विसर्जन मिळू शकतं, फक्त तिकिटं आत्तापासून बघा, कारण त्या आठवड्यात मुंबईहून जागा मिळणं अवघड होतं.