कॅनमधली कॉफी: चाखायची कशी, जोखायची कशी?

प्रश्न : दोन ब्रँडच्या कॅन कॉफी शेजारी ठेवून प्यायले, तरी फरक कळत नाही. माझ्या जिभेतच दोष आहे का? (पुणे)

जिभेत काही दोष नाही, कॉफी फार गार आहे. थंडाव्यात सुगंध दबतो आणि गोडीही कमी जाणवते. त्यात कॅनला तोंड लावून प्यायलं की नाकाला काही काम उरतच नाही. दोन सारखे काचेचे ग्लास घ्या आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे ओतायला सांगा, म्हणजे नाव बघून मत बनणार नाही. पहिला घोट गार असतानाच घ्या. मग वीसेक मिनिटं ग्लास तसेच राहू द्या आणि पुन्हा चाखा. मी कौल देतो तो या दुसऱ्या घोटावर. चांगली कॉफी थंडी उतरताना खुलत जाते, सुमार कॉफीत साखरेचा पाक आणि घशाशी रेंगाळणारा कडवटपणा एवढंच उरतं. बर्फ मात्र नको.

प्रश्न : दुधाच्या कॅन कॉफीला खव्यासारखा वास येतो. माल जुना असेल का? (नाशिक)

तेवढ्यावरून जुना म्हणता येणार नाही. दुधाच्या कॉफीत जंतूंना रोखण्याइतका आंबटपणा नसतो, त्यामुळे नुसत्या उकळीवर भागत नाही. भरलेले, बंद कॅन दाबाखाली साधारण 120 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. तत्त्व आपल्या कुकरचंच. एवढ्या आचेत दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून आटीव दुधाचा रंग आणि वास तयार होतो. याच आचेने कॉफीचा आंबटपणाही वाढतो आणि दूध फाटू शकतं, म्हणून बरेच उत्पादक सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा घालतात. तो जास्त झाला की चव सपक, किंचित साबणासारखी होते. बासुंदीच्या वासाचे गुण मी कापत नाही, उलट भाजक्या कॉफीशी तो जुळला तर मला आवडतो. दूध तळाला लागल्यासारखा करपट वास किंवा ग्लासात दिसणारे कण यांचे मात्र गुण जातात. आणि कॅन फुगलेला असेल तर चाखू नका, सरळ टाकून द्या.

प्रश्न : जपानी कॅनवर कुठे ‘कॉफी’ लिहितात, कुठे ‘कॉफी पेय’. ‘बितो’ म्हणजे बिनसाखरेची का? (निशी-कसाई, टोकियो)

तुम्ही तर कॅन कॉफीच्या घरीच राहता! यूसीसी या जपानी कॉफी कंपनीने दुधाची कॅन कॉफी आणली 1969 मध्ये, आणि 1973 पासून गरम कॅन देणारी यंत्रं आली.

तिथे नाव ठरतं बियांवरून. 100 ग्रॅम पेयामागे कच्च्या बियांच्या हिशेबात 5 ग्रॅम किंवा जास्त कॉफी असेल तर ‘कॉफी’, 2.5 ते 5 ग्रॅमच्या आत असेल तर ‘कॉफी पेय’, आणि त्याहून कमी, पण निदान 1 ग्रॅम असेल तर ‘कॉफीयुक्त शीतपेय’. दुधाचा घन भाग (पाणी वगळून उरणारा) 3 टक्के किंवा जास्त झाला की, कॉफी कितीही असो, ते दुग्धपेयात मोडतं. तेव्हा दुग्धपेयात कॉफी कमीच असेल असं धरून चालू नका.

‘बितो’ म्हणजे कमी साखरेची, 100 मिलिलिटरमध्ये 2.5 ग्रॅमपर्यंत. बिनसाखरेची हवी तर ‘मुतो’ शोधा. बितोमध्ये बऱ्याचदा कृत्रिम गोडवा असतो आणि तो कॉफी संपल्यावरही जिभेवर राहतो. घोट गिळा, दहापर्यंत मोजा. तोंडात कॉफी उरली की नुसता गोडवा, तेवढं बघा. हिवाळ्यात तोच कॅन गरमही घेऊन पाहा, दुधाची बाजू गरम असतानाच नीट कळते.