हात दमतो, तरी कार्य शून्य कसे?

"सूत्रे पाठ आहेत, पण 'कार्य आणि शक्ती' हे प्रकरण डोक्यात शिरत नाही, माझ्यातच काहीतरी कमी असावे," ही तक्रार विज्ञान शाखेत नव्याने आलेल्या मुलामुलींकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की, त्यांतील एका विद्यार्थिनीशी झालेला संवाद, तिची ओळख पुसून आणि अनेक भेटींचा गोषवारा करून, येथे मांडत आहे.

ती स्वतःला सरळ 'ढ' म्हणत असे. मी पुरावा मागितला. "पिशवी धरून नुसती उभी राहिले तरी माझा हात भरून येतो, आणि पुस्तक म्हणते कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने वस्तूचे विस्थापन, म्हणजे सरकणे, म्हणून येथे कार्य शून्य. वर्गात सगळ्यांना हे पटते, मला पटत नाही."

धीर देण्याची घाई न करता भीतीच्या तळाशी असलेला विचार आधी तपासावा, असे मी मानते. येथे तर त्या विचारात खोट नव्हतीच. इतरांनी न विचारता सोडून दिलेली शंका ही मुलगी प्रामाणिकपणे धरून बसली होती.

"पिशवी किती वर गेली?" मी विचारले.

"जागची हललीच नाही."

"मग तिला तुझ्याकडून ऊर्जा मिळाली का?"

"नाही. पण माझी तर खर्च झाली." एवढे बोलून ती थांबली, आणि मीही मध्ये बोलले नाही. "मॅडम, म्हणजे हे शून्य पिशवीच्या हिशेबातले आहे, माझ्या हाताच्या नाही?"

त्या प्रश्नाने गाठ सुटली. ताण टिकवण्यासाठी स्नायूंचे तंतू पुनःपुन्हा आकुंचन पावतात, त्यात रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची अखेर उष्णता होते. तीच पिशवी टेबलावर ठेवली, तर टेबल तेवढेच बल काहीही खर्च न करता लावते. 5 किलोग्रॅमची पिशवी 1 मीटर उचलली, तर मात्र तिला सुमारे 49 ज्यूल ऊर्जा मिळते. पिशवीविषयीचे विधान तिने आपल्या कष्टांवरचा शेरा म्हणून वाचले होते, हे मला तेव्हा लख्ख दिसले, आणि पुढे असे कितीतरी विद्यार्थी मला चटकन ओळखता आले.

जिन्याचे उदाहरण तिने स्वतःच सोडवले. 50 किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती 3 मीटर चढली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य 1470 ज्यूल. कार्य तेवढेच, पण शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, म्हणून 10 सेकंदांत चढल्यास सरासरी शक्ती 147 वॅट, 5 सेकंदांत 294 वॅट. धावताना धाप लागते म्हणून कार्यही जास्त, हा तिचा समज आकडेमोडीने गळून पडला. सावकाश शिकणाऱ्यांना दिलासा म्हणून हे उदाहरण वापरण्याचा मोह मी टाळला. तिला दिलाशापेक्षा उत्तर हवे होते.

अशा विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवते की, सूत्राला हात घालण्यापूर्वी कोणते बल, कोणत्या वस्तूवर आणि ती वस्तू कोणत्या दिशेने किती सरकली, हे वाक्यात लिहावे. पालकांनीही "किती गणिते झाली?" याऐवजी हे वाक्य ऐकावे. मात्र झोप आणि भूक बिघडली असेल, तर प्रश्न एका प्रकरणापुरता उरलेला नसतो आणि मदत लवकर घ्यावी.

शेवटच्या भेटीत तिने पिशवी सावकाश खाली ठेवण्याचे उदाहरण आणले होते. हाताचे बल वर, विस्थापन खाली, म्हणून हाताने केलेले कार्य ऋण, हे वाक्य तिने लिहूनच आणले होते. त्यावर मला काही सांगावे लागले नाही.