दहावीची मुलं, टीडीची लस आणि घरी गेलेली चिठ्ठी

ताई, तुम्ही लिहिलंय की शहाद्याकडच्या तुमच्या शाळेत दहावीच्या टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाच्या) लसीला बऱ्याच पालकांनी सही न करताच चिठ्ठी परत पाठवली. आधी मला सांगा, त्या चिठ्ठीत लिहिलंय काय? चोपडा तालुक्यात मी शिकवायचो, तिथं घोडं नेमकं त्या कागदापाशीच अडलं होतं.

वरच्या ऑफिसातून छापील नमुना आला. लसीचं नाव नाही, कशासाठी ते नाही. ठळक अक्षरांत एवढंच, ‘लसीकरणानंतर काही झाल्यास सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील.’ असा कागद दप्तरातून घरी गेल्यावर सही कोण करेल? एक आजी पदराच्या गाठीतून चार घड्यांचा तो कागद काढून मला म्हणाल्या, “पोरले काही व्हयनं ते?” त्यांचं काय चुकलं? मजकूर बदलून मागायला गेलो तर ‘नमुना वरून आलाय’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’. आजही त्याचा राग येतो. पोरं लसीवाचून राहिली ती अफवांमुळे कमी, त्या एका ओळीमुळे जास्त.

शेवटी मुख्याध्यापकांनी नव्या कागदावर हातानं लिहिलं: धनुर्वात आणि घटसर्पाची लस, १० आणि १६ वर्षांच्या मुलांना सरकारी दवाखान्यात मोफत, दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल, शंका असेल तर मंगळवारी नर्सबाई शाळेत भेटतील. खाली स्वतःची सही. मग सह्या येऊ लागल्या.

माझं मत स्पष्ट आहे, कागदाच्या आधी माणूस घरी गेला पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची पालकसभा ठेवूच नका, संध्याकाळी आशाताईंना घेऊन वस्तीवर जा. ‘मागं टीटी घेतलंय ना’ असं हमखास ऐकाल. टीटी फक्त धनुर्वातावर. घटसर्पात घशात पडदा धरून श्वास कोंडतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते तुमच्याआधी सांगतील. आणि पोरांशीही थेट बोला. लहानपणीच्या डोसांचा जोर ओसरतो, हे त्यांना चटकन कळतं. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाला करोनाची लस सुरू झाली, तेव्हा आमच्याकडं कित्येक घरांत पोरांनीच आईबापाला तयार केलं.

लसीच्या दिवशी कुणी उपाशी नको. सुई आडोशाला, बसवून द्यायला सांगा. एक मुलगी भीतीनं चक्कर येऊन पडली की रांगेतल्या आणखी पडतात आणि गावात भलतीच बातमी जाते. नंतर अर्धा तास तिथंच बसवा.

मी डॉक्टर नाही. आधी कुठल्या लसीची जोराची ॲलर्जी झाली असेल किंवा त्या दिवशी अंगात ताप असेल, तर निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचाच. तुमच्या चिठ्ठीचा फोटो टाका, मुलांची नावं झाकून. मजकूर आपण मिळून नीट करू.