बर्नर अधूनमधून बंद पडतो, तंत्रज्ञ आला की चालतो: दावा कोणावर करायचा?

प्रश्न: घरात तेलावर चालणारा हीटिंग बॉयलर बसवून १४ महिने झाले. पाचव्या महिन्यापासून बर्नर आठवड्यातून दोन-तीनदा लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे आपोआप बंद पडून अडकून राहतो. लाल दिवा लागतो, रीसेट दाबलं की बहुधा पुन्हा सुरू होतो. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस चार वेळा येऊन गेला. आधी नोझल (तेलाचा फवारा सोडणारी तोटी) बदललं, मग फोटोसेल (ज्योत आहे का हे बघणारा सेन्सर), मग पंप. चौथ्या वेळी ‘तुमचं तेलच खराब आहे’ म्हणाला. तेलवाला म्हणतो, तेल चांगलं आहे, बर्नर सदोष आहे. आता कंपनी म्हणते, १२ महिन्यांची वॉरंटी संपली, चौथ्या भेटीचं बिल भरा. घरात ८१ वर्षांची आई आहे, रात्री उठून रीसेट दाबावं लागतं. बिल थांबवू का? दावा कंपनीवर करू, तेलवाल्यावर, की बर्नर बनवणाऱ्यावर? बाहेरचा तंत्रज्ञ बोलावला तर माझा हक्क जाईल का?

उत्तर:

कायद्याचं नंतर बोलू. आधी ते रात्रीचं रीसेट थांबवा. बर्नर लॉकआउटमध्ये जातो याचा अर्थ असा, की कंट्रोल बॉक्सने ठरलेल्या काही सेकंदांत ज्योत दिसण्याची वाट पाहिली, ती दिसली नाही, म्हणून त्याने तेल तोडलं. तेवढ्या वेळात न जळलेलं तेल ज्वलनकक्षात पडलेलं असू शकतं. बटण परत परत दाबलं तर ते साचत जातं आणि पुढच्या ठिणगीला एकदम पेटतं. एकदा रीसेट करून बर्नर चालला नाही, तर तो बंदच ठेवा आणि माणूस बोलवा. आईसाठी विजेच्या हीटरची सोय करा, त्याची पावती जपा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच बसवून घ्या. हे तुमच्या दाव्यासाठीही महत्त्वाचं आहे. उद्या काही नुकसान झालं तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: सूचना पुस्तिकेत मनाई असताना तुम्ही बटण किती वेळा दाबलंत?

आता दावा कोणावर. बॉयलर विकला, बसवला आणि दुरुस्त केला तो एकाच कंपनीने, आणि पैसे तुम्ही तिलाच दिलेत. तुमचा करार तिच्याशी आहे, म्हणून पहिली जबाबदारही तीच. पंप एकाचा, कंट्रोल बॉक्स दुसऱ्याचा, हा त्यांचा आपसातला हिशोब आहे. उत्पादकाची वॉरंटी हा तुमच्या हातातला जादा हक्क आहे. विक्रेत्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. नेमका कोणता सुटा भाग बिघडला हे शोधून काढणंही तुमचं काम नाही. घर गरम ठेवायला घेतलेलं यंत्र भरवशाने घर गरम ठेवत नाही, एवढं तुम्हाला दाखवायचं आहे.

‘वॉरंटी संपली’ या उत्तराने तुम्ही खचून गेलेल्या दिसता. खचू नका. तक्रार पाचव्या महिन्यात सुरू झाली आणि बिघाड आजपर्यंत दूर झालेला नाही. मुदतीत नोंदवलेला आणि न सुटलेला दोष मुदत उलटली म्हणून विक्रेत्याच्या अंगावरून सहसा उतरत नाही. पत्रात तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणचे नियम सांगते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. एक दुरुस्ती फसली की किंमत कमी करून मागता येते किंवा वस्तू परत करता येते. युरोपीय संघात विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षांची आहे आणि तसं गृहीत धरण्याचा काळ किमान एक वर्षाचा. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. या सगळ्यांत तुमच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट आहे: पहिल्या तक्रारीची तारीख. पाचव्या महिन्यात तुम्ही फोन केला होता की मेसेज? मेसेज असेल तर त्याचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा. नुसता फोन असेल तर कॉलची यादी मिळवा, आणि त्या पहिल्या भेटीचा जॉबकार्ड (काय काम केलं याची नोंद असलेला कागद) कंपनीकडून मागा.

आता या प्रकरणातली खरी अडचण. बिघाड अधूनमधून येणारा आहे. तंत्रज्ञ दारात उभा असताना बर्नर शहाण्यासारखा चालतो, आणि कागदावर ‘तपासले, ठीक आहे’ असं उमटतं. अशा चार कागदांपुढे तुमचा शब्द एकटा पडतो. मी अशा खटल्यांत पाहिलं आहे, की पक्षकार रागाचं पत्र आधी लिहितो आणि नोंदवही नंतर सुरू करतो. तुम्ही उलट करा.

साधी वही घ्या. प्रत्येक लॉकआउटची तारीख, वेळ, बाहेर थंडी किती, वारा होता का, टाकीत तेल किती, बर्नर बराच वेळ बंद राहून सुरू होत होता की नुकताच थांबून परत सुरू होत होता, हे लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय दिसलं आणि काय ऐकू आलं. मोटरच फिरली नाही, तर संशय वीजपुरवठ्यावर, मोटरवर किंवा तिच्या कपॅसिटरवर जातो. मोटर फिरली पण ज्योत आली नाही, तर तेल पोहोचत नाही किंवा ठिणगी कमजोर आहे: अडकलेलं नोझल, तुंबलेला फिल्टर, ओढनळीत (टाकीतून तेल ओढून आणणाऱ्या नळीत) शिरणारी हवा, इलेक्ट्रोडचं चुकलेलं अंतर, तडकलेला चिनीमातीचा इन्सुलेटर. ज्योत आली आणि काही सेकंदांत गेली, तर फोटोसेलवर काजळी आहे का, तेलाची धार तुटते का, हवेचं प्रमाण बिघडलंय का, हे बघायला लागतं. थंड बर्नर नीट पेटतो आणि गरम असताना अडतो, तर सोलेनॉइडची (तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) कॉइल तापल्यावर दगा देते का, हा प्रश्न येतो. वाऱ्याच्या रात्रींनाच अडत असेल तर धुराडं तपासावं लागतं. यातलं निदान तुम्ही करायचं नाही, आणि बर्नर उघडायचा तर मुळीच नाही. पण तीन आठवड्यांच्या अशा नोंदी आणि फोनवर घेतलेले दोन-तीन व्हिडिओ समोर ठेवले, की ‘बघितलं, काही सापडलं नाही’ हे उत्तर टिकत नाही. काही नव्या कंट्रोल बॉक्समध्ये दिव्याच्या लुकलुकण्यातून बिघाडाचा संकेत मिळतो. तुमच्यात तशी सोय असेल तर रीसेट दाबण्याआधी त्याचाही व्हिडिओ घ्या.

या नोंदींमुळे कंपनीच्या कामाचा दर्जाही उघडा पडतो. चार भेटींत तीन भाग बदलले, पण मोजलं काय? तेलाचा दाब किती होता, ओढनळीत निर्वात किती, धुराच्या वायूंची तपासणी केली का, फोटोसेलचं वाचन काय आलं? जॉबकार्डवर यातलं काही नसेल, तर तिथे निदान झालंच नाही, अंदाजपंचे सुटे भाग बदलले गेले. सेवा देणाऱ्याने वाजवी कौशल्याने आणि काळजीने काम करायला हवं, हे तत्त्व बहुतेक कायद्यांत आहे. अंदाज चुकल्याचा खर्च ग्राहकाच्या बिलात घालणं त्यात बसत नाही, आणि तुमच्या दाव्यातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे असं माझं मत आहे.

तेलाचा वादही मिटवता येतो. तंत्रज्ञ बर्नरला तात्पुरतं वेगळ्या, स्वच्छ डब्यातून तेल देऊन काही दिवस चालवू शकतो. तरीही लॉकआउट आला, तर तुमचं तेल, टाकी आणि नळी तिन्ही सुटतात आणि बोट पुन्हा बर्नरकडे वळतं. लॉकआउट थांबला, तर टाकीच्या तळातून नमुना घ्या, कारण पाणी आणि गाळ खालीच बसतात. नमुना दोन्ही पक्षांना आधी कळवून, त्यांच्यासमोर, तीन स्वच्छ बाटल्यांत घ्या आणि सील करा. एक प्रयोगशाळेला, एक तेलवाल्याला, एक तुमच्याकडे. पाणी निघालं म्हणून लगेच तेलवाला दोषी ठरत नाही. ते टाकीच्या झाकणातूनही आलेलं असू शकतं, आणि टाकी याच कंपनीने बसवली असेल तर चेंडू परत तिच्याच अंगणात. तेल भरल्याच्या पावत्यांच्या तारखा वहीतल्या नोंदींशेजारी मांडा. टाकी भरली की तळाचा गाळ ढवळला जातो, त्यामुळे दर वेळी भरल्यानंतरच्या दिवसांत लॉकआउट वाढतात का, ते त्यात दिसेल.

बिलाबद्दल. गुपचूप थांबवू नका; कंपनी तुम्हालाच थकबाकीदार ठरवून सेवा तोडेल. ज्या रकमेवर वाद आहे तेवढीच, कारण देऊन, लेखी रोखा. भरणं भागच असेल तर पावतीवर आणि ईमेलमध्ये ‘हरकत राखून भरले’ असं लिहून भरा. आधीच्या तीन भेटींचे पैसे दिले असतील तर तेही परत मागा.

मग पत्र. त्यात राग नको, तारखा हव्यात. साधारण असं: ‘बॉयलर बसवल्याच्या पाचव्या महिन्यापासून आजपर्यंत बर्नर लॉकआउटमध्ये जात आहे. सोबत नोंदी जोडल्या आहेत. आपण चार भेटी दिल्या, तीन भाग बदलले. बिघाड कायम आहे. पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत मोजमापांसह लेखी निदान करून, कोणताही आकार न घेता बिघाड दूर करावा. तसे न झाल्यास मी स्वतंत्र तज्ज्ञाकडून काम करून घेईन आणि तो खर्च, तसेच पर्यायी हीटिंगचा खर्च आपल्याकडून मागेन. घरात ८१ वर्षांची व्यक्ती आहे, याची आपल्याला या पत्राने जाणीव देत आहे.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. घरात हीटिंग बंद राहिलं तर काय होईल हे समोरच्याला आधीच माहीत होतं, असं दाखवता आलं की त्या नुकसानीची भरपाई मागणं सोपं जातं.

बाहेरचा तंत्रज्ञ बोलावता येतो, पण क्रम पाळा: आधी हे पत्र, मग मुदत संपू द्या, मग कंपनीला तपासणीची तारीख आणि वेळ कळवून हजर राहण्याची संधी द्या. ते आले नाहीत तर तसं लिहून ठेवा. तज्ज्ञाला सांगा की काहीही सोडवण्याआधी फोटो घ्यायचे, विशेषतः नोझलचे. त्यावर तेलाचा प्रवाह, फवाऱ्याचा कोन आणि प्रकार कोरलेला असतो. बॉयलरच्या पुस्तिकेत सांगितलेल्याशी तो जुळला नाही, तर कंपनीने चुकीचं नोझल बसवल्याचा पुरावा तिथेच मिळतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा. कंपनीचा माणूस याआधीचे भाग घेऊन गेला असेल, तर ते नष्ट न करता परत द्यावेत अशी ओळ पत्रात घाला.

एक गोष्ट मला अजून बघायची आहे. तुमच्या मूळ कराराच्या अटींची प्रत, अगदी बारीक अक्षरातली मागची बाजूसुद्धा, पाठवा. तिथे वाद लवादाकडे नेण्याचं कलम असेल, किंवा वार्षिक सर्व्हिसिंग केल्याशिवाय वॉरंटी चालणार नाही अशी अट असेल, तर १४ दिवसांच्या पत्राचा मसुदा मी थोडा बदलून देईन. तोवर ते पत्र पाठवू नका. वही मात्र आजच सुरू करा.